वसईचे संत गोन्सालो गार्सिया आणि आपले दुःख



दरवर्षी ६ फेब्रुवारीला ख्रिस्तसभा संत पौल मिकी आणि त्यांचे सोबती या नागासाकीच्या सव्वीस रक्तसाक्षींचे स्मरण करते. दिनदर्शिकेत नाव पौल मिकी यांचे छापलेले असते आणि बाकीचे पंचवीस ‘सोबती’ या एका शब्दात मावतात. त्या सोबत्यांमध्ये एक जण आपल्या घरचा आहे, हे पुष्कळदा आपल्या लक्षातच येत नाही. कोपर स्टेशनच्या वरच्या फलाटावर उभे राहिले की वसई रोडची गाडी येते. खाडी ओलांडून भिवंडी, खारबाव, कामण करीत ती ज्या वसईला जाते, त्या वसईचा हा मुलगा. आपल्या धर्मग्रामातील कित्येक कुटुंबे याच गाडीने सणाला, लग्नाला, मयतीला नातलगांकडे जातात. त्यांच्यासाठी तर संत गोन्सालो गार्सिया हे शेजारच्या आळीतलेच म्हणायचे.

त्यांची गोष्ट आपण सर्वांनी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकली आहे. वसईचा एक मुलगा जहाजात बसून जपानला गेला आणि तिथे क्रूसावर मेला. आम्हीही मुलांना ती अशीच सांगत आलो. पण जहाज आणि क्रूस यांच्यामध्ये चोवीस-पंचवीस वर्षे आहेत, आणि ती आम्ही नेहमी एका उडीत ओलांडली. या वर्षी ती उडी न मारता सांगावी असे ठरवले आहे. त्याला कारण आहे.

रविवारी मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर जी माणसे आमच्याशी बोलायला थांबतात, त्यांच्यापैकी बहुतेकांचा प्रश्न एकच असतो. माझ्याच वाट्याला हे का? कोणाचा पती महिनोन् महिने अंथरुणावर आहे, कोणाचा मुलगा दारूपायी घर विकायला निघाला आहे, कोणाच्या लग्नाला बारा वर्षे झाली तरी पाळणा हललेला नाही. अशा वेळी आपल्याकडे तीन-चार ठरलेली वाक्ये तयार असतात. देवाची इच्छा. देव ज्याच्यावर प्रीती करतो त्याचीच परीक्षा घेतो. तुझ्यापेक्षा वाईट अवस्थेत किती लोक आहेत बघ. खरे सांगायचे तर ही वाक्ये आपण त्या माणसाचे सांत्वन व्हावे म्हणून कमी आणि त्याने आता रडणे थांबवावे म्हणून जास्त बोलतो. आम्हीही बोललो आहोत. ऐकणारा मान हलवतो आणि पुढच्या रविवारी दुसऱ्या दाराने निघून जातो.

क्रूसावरच्या मरणाची गोष्ट अशा माणसाला सांगितली तर तो म्हणतो, ते संत होते, आम्ही साधी माणसे. म्हणून आज सुरुवात मरणापासून नको, जन्मापासून करू या.

गोन्सालो यांचा जन्म १५५६ च्या सुमारास वसईत झाला. तेव्हा वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. वडील पोर्तुगीज सैनिक आणि आई इथलीच, कोकण किनाऱ्यावरची. अशा मुलाला दोन्हीकडून थोडे परके मानले जाई. गोऱ्यांना तो पुरता गोरा वाटत नसे आणि गावाला तो पुरता आपला वाटत नसे. संत फ्रान्सिस झेवियर याच वसईत येऊन गेले होते. त्यांच्या येशूसंघाचे चर्च आणि विद्यालय किल्ल्यात होते. तिथे गोन्सालो शिकला. किल्ल्यात गेलात तर त्या चर्चचे अवशेष आजही पाहायला मिळतात. छप्पर गेले आहे, दर्शनी भिंत उभी आहे.

१५७२ साली, पंधरा-सोळा वर्षांचा असताना, आपले गुरू फादर सेबास्तियन गोन्साल्विस यांच्याबरोबर तो जपानला निघाला. त्या काळी हा प्रवास गोवा, मलाक्का, मकाव असा टप्प्याटप्प्याने, वाऱ्याच्या मर्जीवर चाले. नागासाकी बंदर पोर्तुगीज व्यापाऱ्यांसाठी उघडून तेव्हा एखादेच वर्ष झाले होते.

जपानी भाषा मोठ्या माणसांना जड जाते. गोन्सालो ती लवकर शिकला आणि चांगली बोलू लागला. मोठमोठ्या विद्वान धर्मगुरूंना जे वाक्य जुळवायला वेळ लागे ते हा पोरगा सहज बोलून जाई. सुमारे आठ वर्षे तो धर्मशिक्षक म्हणून मिशनच्या कामात राबला. लोकांना प्रार्थना शिकवायच्या, बाप्तिस्म्यासाठी तयार करायचे, फादरांचे बोलणे जपानीत सांगायचे. मनात एकच इच्छा होती, येशूसंघात प्रवेश मिळावा. ज्यांच्या हाताखाली तो वाढला, ज्यांच्यासाठी घर सोडले, त्यांच्यातलाच एक होण्याची ती इच्छा होती.

तो प्रवेश त्याला मिळाला नाही.

हिंदुस्थानात जन्मलेल्या आणि मिश्र रक्ताच्या मुलांना संघात घेऊ नये, असेच त्या काळी वरिष्ठांचे साधारण धोरण होते. माणूस कसा आहे यापेक्षा कोणाच्या पोटी जन्मला हे आधी पाहिले जाई. आज आपल्याला याची लाज वाटते, आणि ती वाटायलाच हवी. आपल्याही चर्चमध्ये, अगदी आपल्या कोपरातसुद्धा, हा कुठला, त्यांची भाषा कोणती, ते आपल्यातले की बाहेरून आलेले, हे प्रश्न पूर्ण संपलेले नाहीत. वसईकर, गोवेकर, मंगळूरकर, मराठवाड्यातून आलेले, दक्षिणेतून आलेले, असे आपण सारे एकाच बाकावर बसतो खरे, पण एकमेकांना जागा देताना थोडे आकसतोच.

इथे आम्ही जरा थांबतो, कारण आजच्या लेखाचा खरा विषय हाच आहे. दुःख आजाराने येते, गरिबीने येते, मरणाने येते. ते आपण ओळखतो, त्यासाठी मिस्सा मागतो, मेणबत्ती लावतो. पण एक दुःख असे आहे की जे चर्चच्या दारातच भेटते आणि म्हणून चर्चमध्ये बोलता येत नाही. सेमिनरीतून परत पाठवलेला मुलगा, कॉन्व्हेंटमध्ये घेतली न गेलेली मुलगी, वीस वर्षे चर्चची कामे केल्यावर ज्याला कोणी विचारीनासे झाले तो कार्यकर्ता. ज्यांच्या प्रार्थनेत सांत्वन शोधायचे त्यांनीच दुखावलेले असते. अशा माणसाने कोणाकडे जायचे? घरी बोलले तर घरचे म्हणतात, देवाच्या माणसांबद्दल असे बोलू नये. मग तो गप्प बसतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटते, विसरला.

गोन्सालोने काय केले? तो निघून गेला. होय, जपानचे मिशन सोडून तो व्यापारात शिरला. पूर्वेकडच्या बंदरांमध्ये त्याने व्यापार केला, आणि चांगला केला. भाषा येत होती, माणसे ओळखीची होती, हिशोब स्वच्छ होता. पैसा आला, ठिकठिकाणी व्यवहार पसरला. संतांची चरित्रे लिहिणारे या वर्षांवरून घाईघाईने पुढे सरकतात, जणू संताने दुकान चालवणे जरा कमीपणाचे आहे. आम्हाला उलट वाटते. दुखावलेल्या माणसाने त्याच दारात डोके आपटत बसले पाहिजे असे शुभवर्तमान कुठेही सांगत नाही. प्रभू येशूने शिष्यांना, जिथे स्वीकारत नाहीत त्या गावाची धूळ पायांवरून झटकून पुढे जायला सांगितलेच होते. गोन्सालो पुढे गेला. हात कामात ठेवले. पोट भरले, चार पैसे मिळवले, आणि देवाशी मात्र भांडण मोडून टाकले नाही. देवाचे दार आणि माणसांनी लावून घेतलेले दार या दोन गोष्टी त्याने एक होऊ दिल्या नाहीत. हे बोलायला सोपे आहे. ज्याच्या तोंडावर दार लागले आहे त्याला विचारा ते किती अवघड असते.

व्यापाराच्या निमित्ताने तो फिलिपाइन्समध्ये मनिलाला गेला. तिथे त्याची गाठ फ्रान्सिस्कन बंधूंशी पडली. हे बंधू असिसीच्या संत फ्रान्सिसचे, जाड्याभरड्या झग्याचे, हातात काही न ठेवणारे. त्यांनी त्याला घेतले. धर्मगुरू म्हणून नव्हे, धर्मबंधू म्हणून. धर्मबंधूला मिस्सा अर्पण करायची नसते, प्रवचन द्यायचे नसते. भांडी घासायची, आजाऱ्यांना पाहायचे, पडेल ते काम करायचे. ज्याने जपानमध्ये फादरांच्या बरोबरीने काम केले होते आणि ज्याच्या हाताखाली नोकर असू शकत होते, तो सगळा व्यवहार सोडून या सर्वांत खालच्या जागेवर आनंदाने बसला. आता यापुढे आम्हीही त्यांना ब्रदर गोन्सालो म्हणू.

१५९३ साली फिलिपाइन्सच्या स्पॅनिश राज्यपालांनी जपानचे सर्वसत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यांच्याकडे वकील म्हणून फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता यांना पाठवले. दुभाषा हवा होता. जपानी बोलणारे ब्रदर गोन्सालो त्यांच्याबरोबर निघाले. ज्या देशात त्यांची इच्छा मोडली होती त्याच देशात ते पुन्हा उतरले. ज्या हिदेयोशींनी १५८७ मध्ये मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता, त्यांच्यासमोर उभे राहून या वसईकराने बोलणी पार पाडली. फ्रान्सिस्कनांना राहण्याची परवानगी मिळाली. क्योतो शहरात त्यांनी चर्च बांधले आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय काढले. ज्यांना घरच्यांनी टाकले होते त्यांचे घाव धुण्याचे काम या बंधूंनी केले. टाकलेल्या माणसाचे दुःख ब्रदर गोन्सालो यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

इथे एक गैरसमज टाळायला हवा. देवाने मुद्दाम ते पहिले दार लावले, पुढे हे सारे घडावे म्हणून, असे कोणी म्हणेल. आम्ही असे म्हणणार नाही. दार माणसांनी लावले होते आणि ते चुकीचे होते. देवाने चूक केली नाही आणि चुकीला बरोबरही ठरवले नाही. त्या चुकीनंतर जो माणूस उरला होता त्याचा हात मात्र त्याने सोडला नाही. एखाद्या आईला आपण सांगतो की तुझे लेकरू गेले त्यात देवाची काहीतरी योजना असेल. बंधुभगिनींनो, ते सांगण्यापूर्वी शंभरदा विचार करू या. लाजराच्या कबरीपाशी प्रभू येशूने योजना समजावली नाही, तो रडला.

पुढची हकीकत अनेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर १५९६ मध्ये सान फेलिपे नावाचे मालाने भरलेले स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागले. माल जप्त झाला. त्या भानगडीत जहाजावरच्या एका सुकाणूवाल्याने, आमचे राजे आधी मिशनरी पाठवतात आणि मागून सैन्य, अशी बढाई मारली असे सांगतात. हिदेयोशींचा संशय पेटला. डिसेंबरमध्ये क्योतो आणि ओसाका येथील फ्रान्सिस्कनांच्या घरांवर पहारे बसले आणि त्यांना, त्यांच्या जपानी सहकाऱ्यांना व तिघा येशूसंघीयांना धरण्यात आले. एकूण चोवीस जण होते. नाक आणि दोन्ही कान कापण्याचा हुकूम होता. एका अधिकाऱ्याने तो सौम्य करून डाव्या कानाचा तुकडाच कापायला लावला. ३ जानेवारी १५९७ रोजी ते झाले. मग तिघे-तिघे असे आठ गाड्यांत बसवून रक्ताळलेल्या अवस्थेत शहरातून त्यांची धिंड काढली. त्यानंतर ऐन थंडीत, बर्फात, महिनाभर चालवत नागासाकीला नेले. वाटेत त्यांची सेवा करणाऱ्या दोघा ख्रिस्ती माणसांनाही पहारेकऱ्यांनी कैद्यांतच धरले, आणि चोवीसांचे सव्वीस झाले. त्यांत बारा वर्षांचा लुईस होता. विश्वास सोड, तुला सोडतो, असे अधिकाऱ्याने त्याला म्हटले होते. तो सोडायला तयार झाला नाही.

५ फेब्रुवारीच्या सकाळी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस रांगेने मांडून ठेवले होते. त्या टेकडीवर जे पाहिले गेले ते तेव्हाच्या मिशनऱ्यांनी लिहून ठेवले आहे. त्यात आमच्या ब्रदर गोन्सालोंबद्दल एक लहानशी नोंद आहे. क्रूसांपाशी सर्वांत आधी पोहोचले ते हेच. पहिल्याच क्रूसाजवळ जाऊन त्यांनी विचारले की हा माझा का. उत्तर मिळाले, नाही. मग त्यांना पुढच्या एका क्रूसाकडे नेले. तिथे ते गुडघे टेकून बसले आणि त्यांनी त्या लाकडाला मिठी मारली.

ही नोंद पहिल्यांदा वाचली तेव्हा आम्ही बराच वेळ पान उलटले नाही. ज्या माणसाने जन्मभर अजून नाही, तुझे नाही, हे ऐकले, त्याला मरणाच्या दारातही एकदा तेच ऐकावे लागले. आणि त्याने यावेळीही तक्रार केली नाही, पुढच्या क्रूसाकडे गेला.

खिळे मारले नव्हते. लोखंडी कड्या आणि दोर यांनी गळा, हात, पाय जखडले होते. त्या रांगेत येशूसंघाचेही तिघे होते. ते म्हणजे पौल मिकी, योहान सोआन आणि याकोब किसाई. यांपैकी योहान आणि याकोब या दोघांना मरणापूर्वी थोडाच वेळ संघाची व्रते देण्यात आली होती. ब्रदर गोन्सालो यांनी तरुणपणी जे मागितले होते ते या दोघांना शेवटच्या सकाळी मिळाले, आणि ते त्याच रांगेत फ्रान्सिस्कन झग्यात होते. जपानमध्ये येशूसंघ आणि फ्रान्सिस्कन यांच्यात तेव्हा चांगलीच तेढ होती. जपान फक्त येशूसंघाकडे राहावा असा पोपसाहेबांचा १५८५ चा आदेश होता आणि फ्रान्सिस्कन तिथे आले हे अनेकांना खुपत होते. टेकडीवर तो वाद एका रांगेत, एका उंचीवर येऊन थांबला.

पौल मिकींनी क्रूसावरून प्रवचन केले आणि मारणाऱ्यांना क्षमा केली. लहान अंतोनीने स्तोत्र गायिले. ब्रदर गोन्सालो यांच्याकडे प्रवचन नव्हते. त्यांनी मोठ्याने प्रभूची प्रार्थना आणि नमो मरिया म्हटली. वसईच्या घरात आईच्या मांडीवर बसून शिकली असेल तीच. आपण रोज संध्याकाळी रोझरीला म्हणतो तीच. मग दोन्ही बाजूंनी भाले आले. वय चाळीसच्या आसपास होते.

१६२७ मध्ये पोप आठवे अर्बन यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी सर्व सव्वीस जणांना संतपद दिले. भारतात जन्मलेले पहिले संत म्हणून आज आपण त्यांचे नाव घेतो. त्यांची जन्मभूमी वसई मात्र त्यांच्या संतपदाच्या कितीतरी आधी, १७३९ सालीच, चिमाजी अप्पांनी जिंकली होती. किल्ल्यातली चर्चे ओस पडली होती, पण आसपासच्या गावांतली श्रद्धा टिकली होती. आज वसईजवळ गास गावात त्यांच्या नावाचे चर्च आहे. निशिझाका टेकडीवर १९६२ मध्ये, संतपदाला शंभर वर्षे झाली तेव्हा, सव्वीस जणांच्या ब्राँझच्या मूर्तींचे स्मारक उभारले गेले. तिथे सारे एका रांगेत उभे आहेत.

या महिन्यातच, ११ फेब्रुवारीला, लुर्द मातेच्या सणाच्या दिवशी, आजाऱ्यांचा जागतिक दिन असतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी तो सुरू केला आणि १९९३ पासून तो पाळला जातो. ज्यांच्या घरी कोणी अंथरुणाला खिळलेले आहे आणि ज्यांना परमप्रसाद घरी हवा आहे, त्यांनी नाव आणि इमारतीचा पत्ता मिस्सानंतर सॅक्रिस्टीत द्यावा. ज्यांचे दुःख अंथरुणाचे नाही, आणि जे बरेच दिवस झाले मागच्या बाकावर बसून मिस्सा संपायच्या आतच निघून जातात, त्यांच्याकडेही कोणीतरी येईल. त्यांच्या शेजाऱ्याने फक्त फादरांच्या कानावर घालावे. पाठवलेला माणूस उपदेश करणार नाही, चहा घेऊन ऐकत बसेल.

नागासाकीच्या संतांचा मिस्सा त्याच आठवड्यात संध्याकाळच्या मिस्सात घेतला जाईल. मुलांना आणताना गोष्ट आधी घरी सांगून आणा, मधली पंचवीस वर्षे धरून.